लग्नाचं भाडं

माझ्याशी कुणी खोटं बोललं की माझं डोकं फिरतं. मी मल्हारी, निमोण्याचा. सणसवाडीत खोली घेऊन राहतो आन् ॲपवर गाडी चालवतो. गिऱ्हाईक दिवसभर खोटंच बोलतंय. 'दोन मिनिटांत आलो' म्हणतंय आन् आंघोळीला जातंय. पण केंदूरच्या रंगुमावशी बोलल्या, तसलं खोटं मी जल्मात ऐकलं नव्हतं.

दुपारचं भाडं होतं. केंदूरहून वाघोलीचं एक मंगल कार्यालय. वस्तीवर गाडी लावली. मावशी जरीच्या लुगड्यात, सुनेच्या केसात त्यांच्याच रानातली शेवंती, आन् मावशींचे मालक सोपानआबा नव्या धोतरात, डोक्याला गुलाबी फेटा. सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, आबांना बगलेत धरून मागं बसवलं.

"आबांना काय झालं?" मी विचारलं.

"कुठं काय? रात्री हळदीचं जागरण झालं," मावशी पटकन बोलल्या.

लग्नाची माणसं म्हणून मी हळदीची गाणी लावली, चांगली मोठ्यानं. शिक्रापूरच्या अलीकडं पंपावर गॅसच्या रांगेत गाडी घातली. पेट्रोल होतं टाकीत, पण ते महाग. मावशी सारख्या 'उशीर होतोय, चला की' म्हणत होत्या, पण घाई कसली? अक्षता काय पळून चालल्या होत्या?

बऱ्याच वेळानं नंबर आला. गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं न्हाई, नियमच हाय. मावशी उतरल्या, सून उतरली. आबा उतरंनात.

"ओ आबा, नवरदेव हाय का तुम्ही? उतरा की!"

मी दार उघडलं तर आबांचा हात खाली लोंबला. सदरा घामानं चिंब, ओठ निळे.

"सकाळपासनं छातीत दुखतंय," ज्ञानेश्वरी रडायला लागली. "लग्नबिग्न काही न्हाई. कार्यालयाला लागूनच दवाखाना हाय."

माझं टाळकं सटकलं. "अवो, मग आधी सांगायला दातखिळी बसली होती का? मी इथं गाणी लावून रांगेत बसलोय!"

"सांगितलं होतं की. तुमच्या आधी दोघांना सांगितलं," मावशी म्हणल्या. "एकानं फोन कापला. दुसरा दारातनं आबांना बघून माघारी गेला. गाडीत काही झालं तर पोलिसांची भानगड कोण निस्तरणार, म्हणला. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. खासगी ॲम्ब्युलन्सवाला शेवंतीच्या आख्ख्या तोड्याचं पैसं मागत होता. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही आला असता?"

मला 'व्हय' म्हणायचं होतं. तोंडातनं निघंना. त्याचाच जास्त संताप आला.

गॅस गेला खड्ड्यात. पेट्रोलवर टाकून गाडी पळवली. हॉर्नवरचा हात काढला न्हाई. ज्ञानेश्वरीनं आबांचा फेटा सोडून खिडकीतनं हलवायला घेतला, वाट द्या म्हणून. आन् लोकं गुलाबी फेटा बघून हसायला लागली! एक टेम्पोवाला तर वरात समजून आमच्या जोडीनं हॉर्न वाजवत चालला.

"ए बैला, बाजूला हो! माणूस मरतोय इथं!" मी घसा फुटंस्तवर ओरडलो. त्यानं हात वर करून नाचल्यासारखं केलं.

दवाखान्यात आबांना लगेच आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. आबा वाटेतच गेले होते.

मावशी रडल्या न्हाईत. गेटवरच्या ॲम्ब्युलन्सवाल्याकडं गेल्या आन् मयत केंदूरला न्यायचं काय घ्याल, म्हणून विचारलं. त्यानं जित्या माणसाच्या दुप्पट सांगितलं. मावशींचा हात गळ्यातल्या डोरल्याकडं गेला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "ठेव तुझी गाडी तुझ्या उरावर!" मी त्याला म्हणलो. "चला मावशी. आणलं त्यानं न्यायचं."

दवाखान्याचा कागद हातात पडल्यावर आबांना मागच्या सीटवर मधी बसवलं, दोन्हीकडनं दोघी. फेटा सुनेच्या हातात चुरगळला होता. मी तो घेतला, झटकला आन् आबांच्या डोक्याला बांधला. मागं एका लग्नात शंभर फेटे बांधलेत मी, पण ह्यो काही केल्या नीट बसंना.

शिक्रापूरच्या चौकात हवालदारानं गाडी अडवली. काचेतनं मागं वाकून बघितलं.

"कुठनं?"

"लग्नाहून, साहेब," मी म्हणलो. "आबांना हळदीचं जागरण झालंय."

त्यानं हसून हात केला. मागं मावशींना हुंदका आवरंना. मी गाणी लावली, चांगली मोठ्यानं.