आमेन म्हणेपर्यंत

“आमेन म्हटल्याशिवाय त्याला क्रूसापासून हलवायचं नाही, बाय. लगाम ओढू नकोस, चुचकारू नकोस. आमेन म्हण, तो आपणहून चालेल.”

डेरिकचं हे बोलणं फेलिशियाच्या कानांत अजून ताजं होतं. डेरिक तिचा धाकटा भाऊ, शर्यतीचे घोडे फिरवणारा स्वार. भुईगावच्या सुरूच्या बनाला लागून शेल्डनचा तबेला होता. मुंबईचा शर्यतींचा हंगाम सरला की घोडे तिथे विश्रांतीला यायचे, पहाटे खाऱ्या पाण्यात चालायचे. त्यांतला काळपट करडा लँटर्न डेरिकच्या जिवाचा. किनाऱ्याकडे वळताना क्रूस लागतो, तिथे डेरिक त्याला थांबवायचा, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना आमेनपर्यंत पूर्ण म्हणायचा, मगच वाळूत उतरायचा. एकदा त्याचा हात दुखावला तेव्हा लगाम धरायला बहिणीला नेलं होतं. परतताना म्हणाला, “मला काही झालं तर याला बघशील ना?”

“बघीन रे बाबा. आता चल, भात करपेल माझा,” ती हसून म्हणाली होती.

चार वर्षांपूर्वी डेरिकचा मृतदेह पाचूबंदरच्या कोळ्यांच्या जाळ्यात आला. शेल्डनने सांगितलं, प्यायलेला होता, न विचारता घोडा खोल पाण्यात घातला, दोघंही गेले. घोडा काही सापडला नाही. समुद्राने गिळला, लोक म्हणाले, आणि विषय मिटला.

फेलिशियाचा मिटला नाही. आई गेल्यापासून डेरिकने वेदीसमोर शपथ घेऊन दारू सोडली होती. शिवाय त्याच आठवड्यात जेवताना तो बोलला होता, “लँटर्नला दुसऱ्या नावाने बाहेरगावच्या शर्यतीत पळवायचं चाललंय, बाय. मी त्याच्या पाठीवर चढणार नाही, आणि गप्पही राहणार नाही.” पोलिसांपुढे तिने हे सांगितलं. ते म्हणाले, बुडालेल्या घोड्याला कोण कुठे पळवणार?

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती क्रूसापाशी मेणबत्ती लावायची, डेरिकसाठी रोझरीची माळ म्हणायची. ताप असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही. शेजारची जीना एकदा म्हणालीच, “दारुड्यासाठी एवढी माळ? आमच्यासारख्या पापी माणसांना काही उरव की!” फेलिशिया हसली. पण कधीकधी माळेच्या मध्यात मागून टापा यायच्या, सावकाश, ओल्या, आणि तिच्या पाठीशी येऊन थांबायच्या. मानेवर ऊन श्वास लागायचा. ती वळून पाहत नसे. पाहिलं आणि कुणी नसलं, तर?

त्या संध्याकाळी ती मेणबत्ती लावत असतानाच टापा आल्या. मागे बँड होता म्हणून ती वळली.

वरात होती. नवरदेव पांढऱ्याशुभ्र घोड्यावर. क्रूसासमोर येताच घोडा थांबला, मान खाली घातली आणि दगडासारखा उभा राहिला. घोडेवाल्याने लगाम ओढला, पाठीवर थाप मारली. वरातीतलं कुणी ओरडलं, “अरे, नवरीला विचारा, घोड्यालाच लग्न मान्य नाहीये!” सगळे हसले, मोबाइल वर झाले. नवरदेवाचा फेटा घसरला. घोडा हलेना.

फेलिशियाच्या हातातली काडी बोटापर्यंत जळली. तिने ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटलं, अगदी हळू, शेवटच्या शब्दापर्यंत.

“आमेन.”

बँडच्या गोंगाटात तो शब्द तिचा तिलाही धड ऐकू आला नाही. घोड्याचे कान मात्र तिच्याकडे वळले. त्याने मान उचलली आणि चालू लागला.

मांडवाबाहेर तिने घोडेवाल्याला गाठलं. तो कामणचा पांडुरंग.

“काय सांगू ताई, कोनाच्या वरातीत असा अडला नाय कधी. मीच पानी पानी झालो.”

“आणला कुठून?”

“दलालाकडनं. पाय गेलेलं शर्यतीचं जनावर. तो म्हनाला, मूळचं भुईगावच्या शेल्डनशेटचं.”

“त्यांच्याकडे पांढरा नव्हता कधी.”

“आला तवा करडा होता की! करडं घोडं वयाबरोबर पांढरं होतं, ताई. आपल्या केसांसारखंच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शेल्डन तिच्या ओट्यावर येऊन बसला. वरातीचा व्हिडिओ गावभर फिरला होता.

“कुठलं तरी तट्टू अडलं, आणि लोक तुझं नाव घेतात,” तो म्हणाला. “मेलेल्यांना उकरू नये, फेलिशिया. तुझी मेणबत्ती रोज लागते, तशीच लागू दे.”

“लावते ना, शेल्डनभाऊ. आज तुमच्यासाठीही माळ म्हणेन.”

तिने पुढे केलेल्या चहाला त्याने हात लावला नाही.

तिन्हीसांजेला पांडुरंगचा फोन आला. “ताई, शेल्डनशेट मागशील तो भाव देतो म्हनतो. उद्या दुपारी गाडी धाडनार. वरातीच्या म्हाताऱ्या घोड्याला कोन असा भाव देतो? मला भ्या वाटतं.”

“मी येईपर्यंत देऊ नकोस, भाऊ.”

“दुपारपर्यंत धरतो. म्होरं माजं काय चालनार?”

मग तिने जनावरांची डॉक्टर कॅथरिन हिला फोन लावला. ती पूर्वी त्या तबेल्यातले घोडे तपासायची.

“शर्यतीच्या घोड्याच्या मानेत ओळख क्रमांकाची चिप असते,” कॅथरिन म्हणाली. “रंग बदलला तरी ती बदलत नाही. लँटर्न असेल तर शेल्डनची सगळी जबानी खोटी ठरते. पण घोडा समोर हवा. एकदा का तो गाडीत चढला...”

“नाही चढणार. तुम्ही चिप वाचायचं यंत्र घेऊन सकाळी कामणला या. मी पुढे होते.”

पहाटे फेलिशियाने पिशवीत गाजरं भरली. क्रूसापाशी आली, संध्याकाळची मेणबत्ती तेव्हाच लावली. संध्याकाळी परत येणं होईल की नाही कोण जाणे. वाळूकडून वारा येत होता. माळेच्या मध्यात मागे टापा वाजल्या आणि थांबल्या. आज तिने वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. ती घाबरली नाही.

प्रार्थना तिने म्हटली, पण शेवटचा शब्द, आमेन, ओठांतच ठेवला. तो कामणला म्हणायचा होता, लँटर्नला शेल्डनच्या गाडीपासून दूर नेताना. तोवर त्याला कुणीही ओढो, समोर क्रूस नसला तरी तो उभा राहू दे, अशी देवाला विनवणी करत तिने पदर खोचला आणि कामणच्या बससाठी चालू लागली.