पूनमने मागितलेली माफी

पांढुर्ण्याच्या सभागृहात रविवारी पूनमचा सत्कार झाला. नऊ वर्षं व्यावसायिक टेनिस खेळून, खांद्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. सोमवारपासून मुलांचं शिबिर होतं. फलकावर दोन नावं होती: पूनम, आणि तिचे वडील व पहिले प्रशिक्षक नत्थूजी.

नत्थूजी बोरगावचे संत्रा बागायतदार. बागेच्या कडेला मुरूम दाबून त्यांनी कोर्ट केलं, पुस्तकातून खेळ शिकले आणि मुलगी सतराव्या वर्षी राष्ट्रीय ज्युनिअर विजेती झाली. पुढे ती बँकॉकपासून ताश्कंदपर्यंत लहान स्पर्धा खेळत फिरली. सर्व्हिसचा वेग मात्र दरवर्षी उतरत गेला. निवृत्तीच्या दिवशी तिने वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. "माफ करा बाबा, माहं शरीरच कमी पडलं." नत्थूजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

आता ते माईकपाशी उभे राहिले. समोर मुलांचे आईबाप होते.

"त्या ज्युनिअरच्या कपाच्या आधी पोरीचा खांदा लय दुखे. नागपूरले दाखवलं. डॉक्टर म्हणे, आतून फाटला आहे, सहा महिने रॅकेट बंद, नाहीतर कायमचा जाईल. पोरगी बाहेर बाकावर बसून होती. म्या तिले सांगतलंच नाही. म्हटलं, लचक आहे, खेळ!" ते हसले. "बागेले ताण देतो ना आपण? पानं कोमेजते, तरी पाणी सोडत नाही. तवाच बहार फुटते. मंग, आला का नाही कप?"

टाळ्या पडल्या. जास्त ताण बसला की फांद्या वाळतात, हे तिथल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत होतं.

पूनमने डाव्या हाताने नारळ घेतला, दोन वाक्यांत आभार मानले आणि ती खाली बसली.

गाडी सौसरच्या रस्त्याला लागल्यावर तिने मागे वळून आईला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"रोज तेल चोळून देत होती ना मी," देवकाबाई म्हणाल्या.

"माहीत होतं का, आई?"

"माहीत होतं म्हणूनच चोळत होती."

नत्थूजींनी आरशातून पाहिलं. "झालं ते झालं. आता काहून उकरून राहिली?"

"बाबा, म्या तुमची माफी मागतली होती."

"मंग? केलं ना माफ तुले? एक शब्द तरी बोललो का?"

मग पूनम म्हणाली, "उद्या शिबिराले तुम्ही येऊ नका."

"फलकावर नाव आहे माहं."

रात्री वडिलांचं नाव काढा म्हणून तिने आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, भाषणानंतर सगळे पालक 'नत्थूजीच शिकवतील ना?' असं विचारून राहिले, ताई.

सोमवारी सकाळी ती मैदानाच्या फाटकाशी उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला ती उजवा हात उचलून दाखवत होती. तो खांद्याच्या वर जात नव्हता.

"पण कप तर आला ना, ताई?" एकाने विचारलं.

आत नत्थूजींची शिट्टी वाजली. बहुतेकांनी तिला नमस्कार केला आणि मुलांना आत सोडलं.