जसे सांगितले तसे

माघातले कोवळे ऊन जयपूरच्या बनी पार्कातल्या ओसरीवर उतरे, तेव्हा इंदुमावशींचा श्यामल, कृश हात पुस्तकाच्या उघड्या पानावरून असा फिरे, जणू ज्वराने तापलेल्या कपाळावरून फिरावा. आयुष्यभर परिचारिका म्हणून झिजलेल्या त्या नागपूरकर वृद्धेची दृष्टी मावळली होती. आसपास मराठी वाचणारे कोणी नसल्याने त्यांना पुस्तक वाचून दाखवण्याचे कार्य माझ्याकडे आले. मी कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंतचे, तथापि माझ्या मसुद्यात वकिलांनाही फेरफार करावा लागत नाही.

पुस्तक अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या बालपणाचे होते : निराळा बाक, निराळा नळ, आणि नावाच्या जागी शिवी. अर्ज लिहिणाऱ्याचा हात कटू ते सौम्य करतो. साहेबाने हाकलले, तर ‘भेट होऊ शकली नाही’ असे लिहितो. त्याच सवयीने मी शिवी गाळून ‘अनुचित उद्गार’ असे वाचले.

पानावरचा हात थांबला.

“हा अर्ज नाही जी, भाऊ. शिवी त्या पोरीनं खाल्ली, अन् तोंड तुमचं भाजून राहिलं का?”

मी शिवी वाचली. मग मावशी संथपणे बोलू लागल्या. परिचर्या शिकताना वसतिगृहात त्यांचा पेला खिडकीत वेगळा पालथा असे. मैत्रिणी त्यांना नावाने नव्हे, जातीने हाक मारीत. हे त्यांनी पोटच्या मुलीलाही सांगितले नव्हते, आणि आता न सांगता जाण्याचे भय त्यांच्या श्वासात दाटले होते.

“लिहा. तिच्यासाठी.”

मी लिहिले, आणि रिवाजाप्रमाणे सहीपूर्वी वाचून दाखवले. ‘मला दुःख झाले’ या वाक्यावर त्यांची मान हलली.

“दुःख मी म्हटलंच नाही. राग आला होता. राग लिहा.”

मी खोडले; राग लिहिला. मी बोट ठेवून दाखवलेल्या जागी त्यांनी सुस्पष्ट अक्षरांत सही केली.

वैशाखात मावशी गेल्या. जयपुरातच वाढलेल्या त्यांच्या मुलीने, वंदनाने, तो कागद माझ्यासमोर अडखळत वाचला आणि त्या शब्दापाशी थांबून विचारले, “आईला राग यायचा? मतलब, मी कधी पाहिलाच नाही.”

गेलेल्या माणसाला काळ आपल्या सोयीने मऊ करीत जातो. इंदुमावशींनी मात्र एका शब्दापुरती त्याला मनाई करून ठेवली आहे.