शिरसाखालचा गोड पाऊस

वरवट बकालच्या वेशीबाहेर एप्रिलच्या भर उन्हात पाऊस पडत होता, आणि तोही फक्त एका झाडाखाली. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. तरी जुन्या विलायती शिरसाखाली टपटप थेंब गळत होते आणि माणसं तोंड वर करून, जिभा बाहेर काढून उभी होती. बायांनी छत्र्या उलट्या धरल्या होत्या. कोणाकडे दुधाची किटली, तर एका गड्यानं चक्क हेल्मेट पुढं केलेलं. खोडाशी गादीवर मेघराजबाबा बसले होते.

"इंद्रदेव आमचे बालमित्र," बाबा डोळे मिटून सांगत होते. "आम्ही बसतो तिथं ते स्नानाला येतात. हे त्यांचं स्नानोदक. गुडघे, मोतीबिंदू, शुगर, सासूचा जाच, सगळ्यावर चालतं."

गर्दीतल्या कौशल्याबाईच्या गालावर थेंब पडला आणि तिला हसूच फुटलं. पाऊस म्हणजे तिचा जीव की प्राण. ब्लाउज शिवायचं दुकान सांभाळून ती हवामानाच्या अभ्यासकांसाठी हौसेनं पाऊस मोजायची. परसात खांबाला पर्जन्यमापकाचं नळकांडं बांधलेलं. रोज सकाळी त्यातलं पाणी पाहायचं आणि फोनवरून आकडा कळवायचा. एवढा पाऊस आपल्या नजरेतून सुटला कसा, म्हणून ती पळतच घरी आली. नळकांडं ठणठणीत कोरडं होतं.

ओसरीवर तिची थोरली जाऊ आशाबाई तांब्या तोंडाला लावून बसली होती.

"तीर्थ हाय वं. मस्त गोड लागते," आशाबाई म्हणाली. "शुगरच्या गोळ्या सोडल्या म्या. बाबाजी म्हणे, तीर्थ आन् गोळी एका पोटात नांदत नाही."

"पावसाचं पाणी गोड कसं लागंन, जाऊबाई?"

"देवाचं हाय न."

"मंग तुमची तहान काऊन मिटत नाही? सकाळपासून माठ रिकामा केला तुम्ही."

आशाबाईनं तांब्या पुन्हा तोंडाला लावला. कौशल्याबाईचं हसू पार मावळलं. ती उठली ती थेट शेजारच्या राबियाकडे गेली. राबिया आंब्याच्या बागा उतरवायला घ्यायची; तिच्याकडे उंच फांदीपर्यंत पोचणारी आकडी होती.

दुसऱ्या दुपारी नळकांडं, आकडी आणि आशाबाई, तिघांना घेऊन त्या दोघी शिरसाखाली हजर झाल्या.

"बाबाजी, तुमचा पाऊस मोजू काय? वरपर्यंत कळवतो," कौशल्याबाई म्हणाली.

बाबा खुलले. "मोजा, मोजा. दिल्लीला कळू द्या."

झाडाखाली नळकांड्यात थेंब पडले. सावलीबाहेर ठेवलं तर एकही नाही.

"बाबाजी, जरा इकडं उन्हात बसता काय? तुम्ही बसान तिथं पाऊस येते न. आमच्या वावरावरही पडंन."

ही कल्पना गावाला इतकी आवडली, की बाबांनी नाही म्हणायच्या आत लोकांनी त्यांना गादीसकट उचललं आणि वाजतगाजत उन्हात नेऊन ठेवलं. सगळे वर पाहू लागले. बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब आले, तेवढेच.

"इंद्रदेव रुसले," बाबा पुटपुटले.

"पण तुमच्या जुन्या जागेवर तं पाणी अजून पडूनच राह्यलं," हेल्मेटवाला म्हणाला.

राबियानं आकडी लावून एक फांदी खाली ओढली. कोवळ्या डहाळीवर बारीक किडे दाटीवाटीनं चिकटले होते. एकेक जण शेपटी वर करी आणि थेंब सोडी. कपाशीत जन्म काढलेल्या अर्जुनरावांनी चष्मा सावरला.

"अरे, हे तं पऱ्हाटीवरच्या चिकट्यासारखं हाय."

"हाव चाचा," राबिया म्हणाली. "किडा झाडाचा रस पेते आन् जास्तीचं गोड पाणी मागून टाकते."

"मागून म्हंजे?" हेल्मेटवाल्यानं हळूच विचारलं.

"मागून म्हंजे मागूनच."

मग कोणीतरी थुंकलं, कोणीतरी किटली उपडी केली, आणि हसण्याचा असा लोट उठला की माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. बाबांनी गादी गुंडाळून काढता पाय घेतला. त्यांना अडवायलाही कोणी सरळ उभं राहू शकत नव्हतं.

आशाबाई मात्र हसली नाही. कौशल्याबाईनं तिला तसंच दवाखान्यात नेलं. साखर भलतीच चढली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरीण म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर सलाईनवरच घ्यावं लागलं असतं.

परतताना आशाबाईनं विचारलं, "देवावर शंका घेतली म्हून काही होणार तं नाही न?"

"देवावर कुठं घेतली? आपण फांदी वाकवून पाह्यली," कौशल्याबाई म्हणाली. "नवल दिसलं तं हासा, नाचा, मलेही लय मजा आली. पण तोंडात टाकायच्या आंधी, गोळी सोडायच्या आंधी, हे येते कोठून तेवढं इचारा. इचारल्यानं देव रागावत नाही, जाऊबाई. रागावते तो बाबा."

आता मात्र आशाबाईला हसू आवरेना.