फाटक्या कोपऱ्याचं पत्र

मी शिकलेली होते, तिथंच घात झाला. सिंधीपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, आणि धाकटा भाऊ वसंत सोडला तर घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. तो परगावी गेला की त्याला काय कळवायचं न् काय नाही, ते मीच ठरवायची. आणि मी ठरवलं की झालं, देवाचा बाप आला तरी ऐकायची नाही.

आमचे नाना, चुडामण विणकर, जन्मभर मागावर बसले. त्यांच्या तरुणपणी बुऱ्हाणपुरात जरीची तार हातानं ओढायचे. मग फ्रान्समधल्या ल्यों शहरातून यंत्राची चकचकीत तार पेट्या भरभरून यायला लागली, आणि नानांच्या ओळखीची कितीतरी घरं बसली. त्या गावाला एक शिवी हासडल्याशिवाय नाना ताटावर बसत नसत.

आणि छप्पन साली वसंतला नागपूरच्या हापिसातून शिष्यवृत्ती मिळाली ती नेमकी ल्योंची! आठ महिने कापड शिकायला. आम्हाला वाटलं, नाना आता घर डोक्यावर घेतात. पण ते म्हणाले, "जाय. नुसता कारखाना नको पाहू, गाव पाहून ये. आपल्या पोटावर पाय देणारे लोक सोता काय खातात, कसे राहतात, समदं लिहून धाड."

वसंतनं लिहिलं. दोन नद्या, मधे गाव. टेकडीवर विणकरांची वस्ती, उंच छताची घरं, कारण माग उंच. घराच्या पोटातून जाणारे बोळ, त्यातून रेशमाचे तागे पावसात न भिजता खाली न्यायचे. मी मोठ्यानं वाचायची आणि नाना म्हणायचे, "हरामखोर! पण अक्कल आहे." मग ते सांगायचे आणि मी लिहायची.

दिवाळीनंतर नाना अंथरुणाला खिळले. "वसंताले बलाव" हा एकच धोशा. त्याच सुमारास वसंतचं पत्र आलं: अक्का, करमत नाही, स्वप्नात नाना दिसतात, येऊ का? मी पत्र हातात घेऊन बसले. तेव्हा राज्य मोडून नवं झालं होतं, नागपूरच्या हापिसातली कपाटं भोपाळला चालली होती. अर्धवट परत आलेल्याला कोण दारात उभं करणार? मी लिहिलं, नाना ठणठणीत आहेत, येऊ नकोस. नानांना सांगितलं, वसंत निघालाय.

मार्गशीर्षात नाना गेले. शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून होते. चुलतभावानं तापीच्या राजघाटावर अग्नी दिला.

दहावा उरकला आणि मी हवाई पत्राचा निळा कागद घेऊन बसले. 'नाना बरे आहेत. तू पोटभर खा, गाव बघ.' पत्र चिकटवून टपालाला निघणार, तोच मायनं ते माझ्या हातातून घेतलं आणि टर्रकन कोपरा फाडला.

"माय! काय केलंस हे?" मी ओरडलेच. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे पोरासोरालाही ठाऊक. तसलं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

"तुला जे लिहायचं ते लिही, बाई," माय म्हणाली. "पोराला बापाचं सुतक कळू नको देऊ म्हणजे काय? मला इतकंच येतं."

मी तिला नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले, पोराच्या जिवावर उठलीस म्हणाले. घरात दुसरा निळा कागद नव्हता, टपाल निघायची वेळ झालेली. तो काय तिकडे कोपरे बघत बसणार, वाटेत फाटला समजेल, असं म्हणून तेच पत्र टाकून आले.

उत्तर आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नेहमीसारखं, नानांच्या नावे. लिहिलं होतं, नाना, इथल्या विणकरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मजुरी वाढवून मागितली तर सरकारनं त्यांच्यावर फौज घातली. यंत्रानं यांचेही माग बसवले. एका म्हाताऱ्या विणकराकडे जेवलो. फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यात लसूण, कांद्याची पात, मीठ. विणकराच्या घरचं हेच पक्वान्न. तुम्ही यांना शिव्या देऊ नका, हे आपल्यासारखेच आहेत. आणि शेवटी: अक्का, नाना काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत कळव.

मी लिहिलं, नाना खूश झाले. पुढच्या प्रत्येक पत्रात त्यानं तेच विचारलं, नाना काय म्हणाले? मी काहीबाही गोडगोड रचत गेले. आणि दर वेळी मायची सावलीही त्या कागदावर पडू दिली नाही.

वैशाखात वसंत आला. टांग्यातून उतरला, अंगावर लोकरी कोट, वाळून निम्मा झालेला. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. माय दारात आली, तशी त्याची नजर तिच्या कपाळावर गेली आणि तिथंच राहिली.

"कधी?" त्यानं विचारलं.

"मार्गशीर्षात," माय म्हणाली.

तो पायरीवर बसला. म्हणाला, "अक्का, फाटका कोपरा एकदाच आला. पुढची सगळी पत्रं धड. दर वेळी कागद उलटसुलट करून बघायचो. नाना गेले असतील, तर मी खातोपितो, गाव बघत हिंडतो. जिवंत असतील, तर जिवंत बापाच्या नावानं न्हायचं कसं? पाच महिने ना धड रडलो, ना धड हसलो. कोणाला विचारणार? तिथं कोपऱ्याचा अर्थ कळणारा एक माणूस नव्हता."

"मायनं फाडला होता," मी म्हणाले. "मला वाटलं, तुझं भलं..."

"नानांनी बोलावलं होतं का मला?"

मी होकाराची मान हलवली. तो ओरडला असता, मला दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो तसाच कोटासकट अंगणातल्या दगडावर जाऊन बसला.

"माय, पाणी घाल," तो म्हणाला. "मी अजून नानांचं न्हालो नाही."

मी बादलीला हात घातला, तर मायनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः पाणी ओतायला लागली.