विहिरीच्या पाण्यातले शिंपले

१९९१च्या फेब्रुवारीत नीलिमा मांजर्लीच्या नदीकाठी आली, तेव्हा कौसाबाई गुडघाभर पाण्यात पायानं शिंपले चाचपत होती. नीलिमा उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. शिंपला दिवसभर पाणी गाळतो आणि पाण्यातलं शिसं त्याच्या अंगात साठतं. नाल्यांतून नदीत किती शिसं येतं, ते तिला त्यावरून मोजायचं होतं.

"मावशी, वीस शिंपले द्याल?"

"चाळीस ने. पण परवा ये."

परवा कौसाबाईनं डबा पुढं केला. शिंपले स्वच्छ होते. घरच्यासाठी ठेवायची तसेच तिनं ते दोन दिवस विहिरीच्या पाण्यात ठेवले होते.

"सगळी रेती थुकलीय त्यांनी. दाताखाली कच यायची नाय."

नीलिमाचा चेहरा पडला. "मला नदीतले हवे होते, मावशी. जसेच्या तसे."

"पाव्हणीला घाण देऊ? सुनेला देते तेच दिलं तुला."

सून सरस्वती ओट्यावर बसली होती. चौथा महिना होता आणि अंगात रक्त कमी. म्हणून सासू तिला दिवसाआड शिंपल्यांचं कालवण करून घालत होती. नीलिमानं डबा ठेवून घेतला, नदीतले वीस शिंपले स्वतः काढले आणि दोन्ही तपासायला दिले.

अकराव्या दिवशी आकडे आले. दुपारचा तास सोडून ती रिक्षानं मांजर्लीला पोचली. चुलीवर कालवण होतं.

"मावशी, हे देऊ नका तिला. नदीतल्यात जेवढं शिसं आहे, जवळपास तेवढंच धुतलेल्यातही आहे. पोटातल्या बाळाला ते बाधतं."

"माझी सासू अशीच धुवायची. कोण मेलं नाय."

"रेती शिंपल्याच्या पोटात असते, ती निघते. शिसं मांसात बसतं. दोन दिवसांत ते जात नाही."

"तरी मी म्हणत होते वास येतो," सरस्वती म्हणाली. "तर म्हणे नखरे करते."

कौसाबाईनं तिच्याकडं रागानं पाहिलं. मग पातेलं उचललं आणि परसात खड्डा करून कालवण पुरलं. कोंबड्यांनासुद्धा दिलं नाही.

नीलिमानं सरस्वतीचं रक्त तपासून घेतलं. शिसं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबलात.

जुलैत मुलगी झाली, पावणेतीन किलोची. सहा महिन्यांनी तिचं रक्त तपासायचं होतं. बारशाला नीलिमा दाराजवळ बसली होती. कौसाबाईनं तिला हाताला धरून पाळण्याशी नेलं.

"नाव आत्यानं ठेवायचं. हिच्या बापाला, आमच्या सोमाला, बहीण नाय. बस इथं."

"मावशी, तुम्ही धुतलेले दिले नसते, तर मी ते तपासलेच नसते. आभार मीच मानायला हवेत."

"मान मग. पण नाव ठेवल्यावर."

नीलिमानं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोराचा कौसाबाईचा होता.