समोर खांब नसलेला मांडव

करर्र… करर्र… माझ्या पत्र्यांखाली पहिल्यांदा वारा शिरला, तेव्हाचा तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. मी वडनेर भोलजीच्या आखाड्यावरचा टिनाचा मांडव बोलतोय.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. माझे पत्रे नांदुऱ्याला रेल्वेतून उतरले आणि बैलगाड्यांनी इथे आले. कुस्त्यांची दंगल पाहणाऱ्या पाचशे माणसांवर मी सावली धरायची होती.

"समोर खांब नाही पाहिजे, कुस्ती दिसली पाहिजे," किसनराव पाटलांनी कडूबा सुताराला बजावलं.

कडूबा दोन दिवस नुसता वारा पाहत बसला. त्याचा लहानपणचा सोबती पुंजाजी हलगीवाला हसायचा, "मांडव बांधतं का वारा मोजतं बे?" मग कडूबाने माझे मागचे खांब लोखंडी सळ्यांनी जमिनीत जखडले आणि पाठीची बाजू उघडी सोडली.

"वारा याले वरून दाबत नाही, पाटील. समोरून घुसते अन् उचलते. त्याले मागून जायाले वाट पाहिजे."

दंगलीच्या दिवशी ऊन मागूनच आलं. पाटलांनी पाठीला बांबूचे तट्टे ठोकून घेतले. घरावर ठेवतात तसे मोठाले धोंडेही माझ्यावर चढवले. कडूबा धावत आला.

"पाटील, तट्टे काढा!"

"अबे, एवढे धोंडे ठेवले नं! मांडव काय पतंग हाय?"

लोक हसले.

दुपारी धुळीचं वावधन सुटलं. वारा समोरून शिरला, तट्ट्यांवर अडला आणि मला आतून फुगवू लागला. माझी पुढची कड वर उचलली गेली. माणसं ओरडत पळाली. कडूबाने कुऱ्हाडीने तट्टे फोडले, तेव्हा वारा निघून गेला आणि मी धाडकन खाली बसलो. पण तोवर धोंडे घरंगळले होते. एक पुंजाजीच्या उजव्या हातावर पडला.

"कडूबाचं कामच कच्चं," पाटील सगळ्यांदेखत म्हणाले. तट्ट्यांचं आणि धोंड्यांचं नाव कोणी काढलं नाही.

आता माझी कड वाकली आहे, पत्रे गंजले आहेत. माणसांनो, छप्पर जड केलं म्हणजे टिकतं असं समजू नका. वाऱ्याला वाट ठेवा. बाकी मला काही नको. फक्त एक दिवस विसरता येत नाही.

त्या दंगलीनंतर महिन्याभराने पुंजाजी आला. हात गळ्यात बांधलेला, बोटं वाळलेली. कडूबा माझी सळई घट्ट करत होता. तो उठला.

"पुंजाजी, ते धोंडे म्या नव्हते ठेवले रे."

मी साक्षी होतो, पण मला वाचा कुठली! पुंजाजीने माझ्याकडे पाहिलं, मग कडूबाकडे. आणि पाठ फिरवून चालू लागला.